खुब्याचं हाड आणि उंच कमोड

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर कुणी गुडघ्याचं, कुणी खुब्याचं ऑपरेशन सांगायला लागलं की मी चप्पल घालून निघायचो. कारण आमच्या घरच्या ऑपरेशनची हकीकत सांगायची तर तिच्यात संडासाची हकीकत येते, आणि संडासाची सांगायची तर माझ्या धाकट्या भावाची येते. तिथं आल्यावर मला एक तर खरं सांगावं लागलं असतं, नाही तर जुनं खोटं पुन्हा बोलावं लागलं असतं. आता माझं वय झालं. ज्यांच्या घरी असं आजारपण येईल त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो, आणि माझ्या भावाच्या नावावर जे चुकीचं लागलं आहे ते काढायचं आहे म्हणूनही लिहितो.

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला तेव्हा ते माझ्याशी बोलत नव्हते. ते माझ्या भावाशी, रंगनाथशी बोलत होते. "तुमच्या मिसेसचं हे फीमरच्या नेकचं फ्रॅक्चर आहे," असं ते त्याला म्हणाले. फीमर म्हणजे मांडीचं हाड. ते खुब्याच्या वाटीत शिरतं तिथं त्याला एक गोळा असतो, आणि गोळ्याखाली हाड मानेसारखं निमुळतं होतं. ती मान मोडली होती.

रंगनाथ म्हणाला, "माझ्या वहिनी आहेत साहेब. मिस्टर हे, माझे मोठे भाऊ."

"बरं बरं," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं सगळं पुन्हा त्याच्याकडं बघूनच सांगितलं.

डॉक्टरांची चूक नव्हती. माझी बायको शकुंतला हिला रिक्षातून आणताना तिचा पाय दोन उशांवर धरून बसलेला तोच होता. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. आत आल्यावर ती कशी पडली, कुठं कळ येते, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्यानंच सांगितलं. मला त्या गोळ्यांची नावं माहीत नव्हती. त्याला होती.

ती पडली संडासात. शहागंजच्या मागं आमचं घर आहे. मागच्या अंगणात जुना संडास होता, वर एक ओटा आणि ओट्यात बसवलेलं इंडियन भांडं. वर्षभर तिचे गुडघे धरत होते. उकिडवं बसलं की उठताना ती नळाला धरायची. वारंवार जायला नको म्हणून पाणी कमी प्यायची, हे मला नंतर कळलं. त्या रविवारी उठताना हात सुटला. आतून तिनं हाक मारली ती मला नाही. "भाऊजी," अशी मारली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, रंगनाथ आत चहा पीत होता. तो धावला, खांद्यानं कडी तोडली. मी मागून पोहोचलो तेव्हा तिनं त्याचा हात धरला होता.

ती हाक माझ्या मनातून गेली नाही. माणूस कळवळून ज्याचं नाव घेतो तेच खरं, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

थोडं मागचं सांगायला पाहिजे. माझा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरचा, रंगनाथ माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. आई लवकर गेली. शकुंतला लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. तिनं त्याला न्हाऊ घातलं, डबा दिला, त्याच्या गणिताच्या मास्तरांशी भांडली. आणि तरी पहिल्या दिवसापासून त्याला "भाऊजी" आणि "अहो" म्हणायची, कारण दिराला असंच म्हणायचं असतं. तो चड्डीतला पोरगा मान डोलवायचा. दोघांची थट्टा तेव्हापासूनची. माझ्याशी ती कधी थट्टा करत नसे. मी कचेरीतून आलो की घरातला आवाज खाली यायचा. तो का खाली येतो हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तो वर कुणामुळं जातो एवढं मात्र मी बघत राहिलो.

डॉक्टरांनी हेमीआर्थ्रोप्लास्टी करायचं ठरवलं. म्हणजे मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवायचा, वाटी तिची तिचीच ठेवायची. ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आली तेव्हा दोन्ही पायांच्या मध्ये एक तिकोनी उशी बांधलेली होती. पाय एकमेकांवर गेले तर नवा गोळा वाटीतून निसटतो, म्हणून ती उशी. ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांनी ती उशी त्रास होतो म्हणून काढून टाकू नये.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवलं. "उकिडवं बसणं आता कायमचं बंद. मांडी घालणं बंद. संडासाला कमोड पाहिजे, आणि तो उंच घ्या. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा खाली जाता कामा नये. पण एक लक्षात ठेवा, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. पेशंट ठेंगणे आहेत."

हे सगळं मी ऐकलं. नीट ऐकलं. नंतर मी सगळ्यांना सांगत आलो की डॉक्टर फक्त उंच घ्या म्हणाले.

फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामानं चालायला शिकवणं, त्यासाठी दवाखान्यातच एक मॅडम यायच्या. आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, असा क्रम होता. शकुंतला घाबरून क्रम विसरायची. रंगनाथ समोर उभा राहून म्हणायचा, "आधी गाडी, मग नवरी, मग वऱ्हाड. चला वहिनी, मुहूर्त टळायला लागलाय."

"नवरी लंगडी निघाली भाऊजी," ती म्हणायची आणि टाके दुखतात म्हणून खुब्याला धरून हसायची.

मॅडम हसायच्या, शेजारच्या कॉटवरची बाई हसायची. मी दाराशी थर्मास घेऊन उभा असायचो. रंगनाथचा हात तिच्या दंडाला कुठं धरतो आहे हे मी बघायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण बघायचो. त्यानं तिला आईच मानलं होतं हे मला माहीत होतं. माहीत असूनही डोळे तिथंच जायचे. मी एकदा दंड धरायला पुढं झालो तर ती म्हणाली, "तुम्ही नका, तुम्ही दचकवता. भाऊजींना जमतं."

आमच्या घरी इंडियन भांडं, म्हणून तिला कुठं न्यायचं हा प्रश्न आला. रंगनाथचं घर चिकलठाण्याला. कंपनीत फिटर होता, मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्या पैशात त्यानं नवं घर बांधलं होतं आणि त्यात कमोड बसवला होता. तो आणि त्याची बायको मंगल म्हणाले, वहिनी आमच्याकडं राहतील. मी काही बोलायच्या आत शकुंतला म्हणाली, "व्हय, तिकडंच बरं."

त्या मुक्कामात ती फार सुधारली. हेही खरं लिहायला पाहिजे. मंगलनं तिचं अंघोळपाणी केलं. रंगनाथनं कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत स्टीलच्या दांड्या ठोकल्या, तिला उठता यावं म्हणून. मी दुपारी जायचो. मला बशीसकट चहा यायचा, पाहुण्याला येतो तसा.

"अहो, इथली खुर्ची लई बरी आहे," शकुंतला सांगायची. कमोडला ती खुर्ची म्हणायची. "पाय टेकतात, धरायला दांडी आहे. मला तर वाटतं सगळ्या बायकांना आधीपासून अशी खुर्ची पाहिजे होती. हाड मोडल्याशिवाय मिळू नये व्हय?"

"वहिनी, ही खुर्ची तुमच्याच नावावर करून टाकतो," रंगनाथ म्हणाला. "आम्ही सही घेऊनच बसत जाऊ."

मी एकदा त्या संडासात जाऊन कडी लावली आणि कपड्यांनिशी त्या कमोडवर बसून राहिलो. साधा पांढरा कमोड. माझ्या घरात नसलेली एक वस्तू. त्याच्यामुळं माझी बायको दुसऱ्याच्या घरी सुखात होती. कुणाच्या शेतीचा, कुणाच्या पोरांचा हेवा केलेली माणसं मी पाहिली आहेत. संडासाच्या भांड्याचा हेवा केलेला मी एकटाच असेन.

बाहेर येऊन मी शकुंतलेला विचारलं, "घरी कधी यायचं?"

"घाई काय आहे? तिथं काय उकिडवं बसू?"

ती सहज बोलली. पण मी बसमध्ये बसेपर्यंत ठरवलं होतं, कमोड घ्यायचा, लगेच घ्यायचा, आणि रंगनाथच्यापेक्षा भारी घ्यायचा.

शहागंजात सॅनिटरीच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं. मी एकटाच जाणार होतो. पण शकुंतला म्हणाली, "मलाही न्या. बसायचं मला आहे." मग रिक्षातून ती आली, वॉकर आला आणि वॉकर धरायला रंगनाथ आला.

दुकानात फुटपाथपर्यंत कमोड मांडलेले होते. पांढरे, बदामी, आकाशी. दुकानदार वयस्कर, दाढीवाले चाचा. रंगनाथनं त्यांना सांगितलं, वहिनींचा खुबा बदललाय, त्यांच्या मापाचा पाहिजे.

"तो फिर भाभी बैठ के देखो ना," चाचा म्हणाले. "पाँव टिके तो माल तुम्हारा, नै टिके तो दूसरा देखेंगे. शरम कायकी? हमारे याँ बड़े-बड़े साब लोगाँ बैठ के गये."

रंगनाथ म्हणाला, "बसा वहिनी. साडीवरच बसायचं आहे. पाय टेकतात का तेवढं बघू."

शकुंतलेनं इकडंतिकडं पाहिलं. गिऱ्हाईक होतं, हमाल होते. तिला संकोच वाटला, पण तिनं पदर सावरला आणि रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवून ती वळली. बसणारच होती.

तेवढ्यात मी ओरडलो. "भर बाजारात बायकोला संडासावर बसवून दाखवायचं राहिलं होतं का? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

वरवर हे घरंदाजपणाचं बोलणं होतं. आमच्याकडं कुणीही माझीच बाजू घेतली असती. पण मला लाज भर बाजाराची वाटलेली नव्हती. तिनं हात त्याच्या खांद्यावर ठेवला, तिथं मला भडका उठला होता. कमोडवर बसायचं ते माझ्या घरच्या, आणि सांगतो आहे तो.

शकुंतलेचा चेहरा उतरला. "मी रिक्षात बसते," ती म्हणाली. रंगनाथ तिला घेऊन बाहेर गेला. जाताना चाचा माझ्याकडं न बघता म्हणाले, "अरे भाई, कुर्सी लेने आये तो बी बैठ के देखते."

मी आत एकटा उरलो. सगळ्यांत उंच आणि रुंद कोणता, असं विचारलं. चाचांनी कोपऱ्यातला एक बदामी रंगाचा दाखवला. म्हणाले, ये लंबे आदमी का है. मी म्हणालो, हाच द्या. डॉक्टरांनी उंच सांगितला आहे.

रंगनाथ परत आला तेव्हा हमाल तो बाहेर काढत होते. तो थांबला. कमोडच्या कडेला हात लावून त्यानं स्वतःच्या मांडीशी उंची पाहिली. मग हळू बोलला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "दादा, हा वहिनींना उंच होईल. पाय अधांतरी राहतील. डॉक्टर म्हणाले होते ना. आमच्याकडं आहे तसला साधा घ्या."

"तुमच्याकडं आहे तसला मला नको," मी म्हणालो.

तो रिक्षाकडं परत गेला.

बसवायच्या वेळी मी आणखी एक चूक केली. मिस्त्री म्हणाला, जुना ओटा पूर्ण फोडून, जमीन सपाट करून मग कमोड बसवू, मधे सिमेंट सुकू द्यावं लागेल. मला तेवढा धीर नव्हता. एकेक दिवस ती तिकडं राहत होती. मी सांगितलं, वॉकरपुरता पुढचा ओटा फोड, मागचा राहू दे, कमोड त्यावरच बसव. म्हणजे आधीच उंच असलेला कमोड आणखी चढला. मिस्त्रीनं मान हलवली आणि मी सांगितलं तसं केलं.

शकुंतला घरी आली. मी संडासाला रंग दिला होता, नवा बल्ब लावला होता. ती दारात वॉकर धरून बघत राहिली. "केवढी थोरली खुर्ची आहे," ती म्हणाली. "भाऊजींनी निवडली ना?"

मी म्हणालो, "हूं."

आमच्या घरात हूं याचा अर्थ हो, नाही, बघू, गप्प बस, काहीही होऊ शकतो. सगळा संसार मी त्या एका हूंवर ओढला. तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला. मी तो तसाच राहू दिला, कारण त्या क्षणी तिला फार आनंद झाला होता आणि मला तो मोडायचा नव्हता. असं मी स्वतःला सांगितलं.

पहिल्याच दिवशी आतून ती म्हणाली, "अहो, पाय लोंबायलेत." मी दाराबाहेरूनच म्हणालो, सवय होईल. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "भाऊजींनी बघून घेतलंय म्हणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसंच असणार. सवयच करायला पाहिजे."

हे माझ्या छातीत कसं शिरलं ते सांगता येत नाही. मी निवडलेल्या चुकीच्या वस्तूवरसुद्धा तिचा विश्वास बसला तो त्याच्या नावानं. माझं नाव सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी तक्रार केली असती, आणि तक्रार केली असती तर पुढचं टळलं असतं.

पाय लोंबत असले की जोर देता येत नाही, पोट साफ होत नाही, उठताना पुढं सरकत सरकत उतरावं लागतं. मी पायाखाली घ्यायला पाट आणून दिला. तिनं तो हातातून घेतलाच नाही. "जेवायचा पाट संडासात? ज्यावर ताट ठेवायचं त्यावर तिथं पाय ठेवू? नेऊन ठेवा तो जागेवर." तिचं बरोबर होतं. आमच्याकडं कुणीच ठेवला नसता. म्हणून मी फोडलेल्या ओट्यातल्या दोन विटा आणून तिच्या पायांखाली एकेक ठेवली. ओल्या फरशीवर सुट्या विटा.

एका सकाळी उतरताना उजव्या पायाखालची वीट फिरली.

या वेळी तिनं मला हाक मारली. मी ती हाक किती दिवस मागत होतो, आणि आली ती अशी.

दवाखान्यात कळलं की डिसलोकेशन झालं आहे, म्हणजे धातूचा गोळा वाटीतून निखळला आहे. क्लोज्ड रिडक्शन केलं. म्हणजे कापायचं नाही, भूल देऊन पाय ओढून गोळा पुन्हा वाटीत बसवायचा. गोळा बसला. पण निखळताना खुब्यामागची मोठी नस ताणली गेली होती. भूल उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "अंगठा वर करा." तिनं डोळे मिटून सगळा जोर लावला. अंगठा हलला नाही. याला फूट ड्रॉप म्हणतात. पाऊल वर उचलता येत नाही, चालताना ते घासत जातं. काहींचं सुधारतं. तिचं थोडं सुधारलं, पुरतं कधीच नाही.

त्या खोलीत आम्ही सगळे होतो. तिचा भाऊ फर्दापूरहून आला होता. रंगनाथ आणि मंगल पायथ्याशी उभे होते. शकुंतलेनं रंगनाथकडं पाहिलं आणि तक्रारीच्या नाही, खरोखर न कळल्याच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर माप बघूनच घेतला असेल ना? मग असं कसं झालं?"

रंगनाथला आधी कळलंच नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी थर्मासचं झाकण फिरवत होतो. ते केव्हाच बसलं होतं, तरी फिरवत होतो.

तो म्हणाला, "चुकलंच वहिनी."

तिचा भाऊ म्हणाला, "जन्मभर फिटर म्हणून मशिनी जोडल्या म्हणता, अन् घरच्या बाईचं एवढं माप चुकलं व्हय?"

मंगल बोलणार होती, रंगनाथनं तिच्याकडं नुसतं पाहिलं.

नंतर बाहेर बाकावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, मी आत काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमचं दोघांचं बिघडलं असतं, आणि आता त्यांना तुमच्याच हातानं उठायचं-बसायचं आहे. तुम्ही तुमच्या सवडीनं सांगा."

मी म्हणालो, "हूं."

मला सवड झाली नाही. वर्षं गेली तरी झाली नाही. पाहुणे आले, सगळ्यांना हकीकत सांगावी लागली, आणि प्रत्येकाला ती "दिरानं निवडलेला कमोड" अशीच कळली. मी कधी तसं तोंडानं म्हणालो नाही. कुणी म्हणालं तर नाही असंही म्हणालो नाही. रंगनाथ आधी आठवड्याला यायचा, मग सणाला यायचा, मग फोन करायचा. आला तरी तिच्या घासत्या पावलाकडं बघायचा आणि खाली मान घालायचा. थट्टा बंद झाली. ती म्हणायची, "भाऊजी उगीच मनाला लावून घेतात. मी कधीच सोडून दिलं ते. माणूस चुकतोच की." ती त्याला माफ करत होती, आणि माझ्या देखत करत होती.

इथं मला एक कबूल करायचं आहे. पहिल्या वर्षात मला त्याचं बरं वाटायचं. तो येत नव्हता. घरात आम्ही दोघंच होतो. ती माझा हात धरून उठत होती. मला पाहिजे होतं तेच मिळालं होतं. फक्त घरातला आवाज खाली आला होता तो खालीच राहिला.

कमोड बदलावा लागणारच होता. मी मिस्त्रीला बोलावून उरलेला ओटा फोडायला लावला. रंगनाथला कुठून तरी कळलं. त्यानं टेम्पोतून एक साधा पांढरा कमोड पाठवून दिला, स्वतः आला नाही. बसवायच्या आधी मी तो अंगणात ठेवला आणि शकुंतलेला म्हणालो, "बसून बघ." शेजारपाजारच्या बायका गच्चीवरून बघत होत्या. ती बसली. दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकली, घासणारंसुद्धा. तिनं मांडीवर हात ठेवले आणि लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी बसून राहिली. "हां," ती म्हणाली, "असं पाहिजे. भाऊजींना बोलवा की बघायला."

बोलावतो म्हणालो. बोलावलं नाही. तो आला असता तर ती हसली असती.

जे वाचत आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी कमोड घेताना त्या माणसाला दुकानात घेऊन जा आणि त्यावर बसवा, साडीनिशी, धोतरानिशी, चार माणसांदेखत. टाच आणि चवडा दोन्ही टेकले पाहिजेत. दोन्ही बाजूंना दांडी ठोका. पायाखाली सुटी वस्तू कधीही ठेवू नका. आणि पेशंटला ज्याच्या हातानं उठायला सोपं जातं त्याच्या हातानं उठू द्या. तो हात तुमचा नसला तरी.

शकुंतला पुढं पुष्कळ वर्षं जगली. गेली ती दुसऱ्याच दुखण्यानं, हृदयाच्या. शेवटच्या आजारात तिच्याजवळ बसून मी खूप बोललो, त्यापूर्वीच्या सगळ्या वर्षांत मिळून बोललो नसेन इतकं. हे सोडून सगळं बोललो.

मागच्या वर्षी रंगनाथ आजारी पडला. पार्किन्सन्स म्हणतात तो रोग, ज्यात हातपाय थरथरतात, चाल बारीक होते आणि आवाजही बसतो. आधीपासून होताच, एकाएकी वाढला. मी चिकलठाण्याला गेलो. मंगल औषधं आणायला गेली होती. त्याला संडासला जायचं होतं. मी त्याला धरून नेलं. शकुंतलेनंतर पहिल्यांदाच मी कुणाला असं धरून नेत होतो. तो हलका झाला होता. त्यानं स्वतः ठोकलेल्या दांडीला हात घातला, बसला आणि म्हणाला, "दादा, बाहेर थांबलात तरी चालेल. जमतं मला." मी दार लोटून बाहेर उभा राहिलो.

तिथं उभं राहून मी वाक्य जुळवलं. बाहेर आला की लगेच म्हणायचं, पलंगापर्यंत जायच्या आत.

तो बाहेर आला. मी त्याला आणून पलंगावर बसवलं. मी तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं.

"दादा, एक विचारू? वहिनी शेवटी माझ्यावर नाराज होत्या का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी तिला कधीच सांगितलं नाही हे त्याला कळलेलं होतं, आणि तरी त्यानं मला तेवढंच विचारलं.

मी म्हणालो, "नाही रे. नाराज नव्हती."

"मग झालं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. मी त्याची चादर नीट केली. मंगल आली, तिनं चहा ठेवला. मी बशीत ओतून प्यालो आणि बसच्या वेळेला निघालो. पुढच्या खेपेला बोलू असं ठरवलं होतं. पुढची खेप त्याला खांदा द्यायची झाली.

संडासाच्या दाराबाहेर जुळवलेलं ते वाक्य मला अजून पाठ आहे. रंगनाथ, तिचे पाय टेकणार नाहीत हे तू दुकानात सांगितलं होतंस, आणि मी ते ऐकलं होतं. ती तुझी चूक समजूनच गेली. मला माफ कर.